पन्नास हजारांची रेघ : कोकणातील एका काळजीवाहू कुटुंबाचे प्रकरण

जून २०२४ मध्ये, शाळा उघडण्याच्या आठवड्यात, कोकण किनाऱ्यावरील एका खाडीकाठच्या गावात ५५ वर्षांच्या एका आईने शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकाचे काम नाकारले. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती, काम सकाळी तीन तासांचे होते, मानधन महिना २५०० रुपये होते, आणि तेवढा वेळ दिव्यांग मुलाजवळ बसण्याची तयारी तिच्या यजमानांनी दाखवली होती. गावात याचा अर्थ असा लावला गेला की, मुलाच्या नावे सरकारी पैसे मिळू लागल्यावर माणसाला कामाचा कंटाळा येतो. या कुटुंबाची कागदपत्रे गेली पाच वर्षे माझ्या हाताखालून गेलेली असल्यामुळे हा अर्थ चुकीचा आहे, हे मला तेव्हाच ठाऊक होते. तो का चुकीचा आहे, हे आकड्यांनिशी मांडण्यासाठी हे टिपण लिहीत आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि कार्यालये यांची नावे दिलेली नाहीत.

घरात तीन माणसे राहतात. वडील आज ६३ वर्षांचे आहेत, आई ५६ वर्षांची. धाकटा मुलगा २७ वर्षांचा असून त्याला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आणि सोबत बौद्धिक अक्षमता आहे. तो बसू शकतो, पण उठून उभा राहू शकत नाही. ओळखीच्या माणसांना हाका मारतो. त्याला भरवावे लागते, अंघोळ घालावी लागते आणि रात्री दोन वेळा कूस बदलून द्यावी लागते. थोरला मुलगा डोंबिवलीत राहतो, खासगी नोकरी करतो, त्याचे रेशनकार्ड वेगळे आहे आणि तो दर महिन्याला जमेल तसे पैसे पाठवतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली आहे. घर रस्त्यापासून खाली आहे आणि मधली वाट म्हणजे जांभ्या चिऱ्यांची ६४ पायऱ्यांची पाखाडी. एका शिबिरात मुलाला चाकांची खुर्ची मिळाली होती. ती पडवीत ठेवलेली असून पावसाळ्यात तिच्यावर सुपारीची पोती असतात. पाखाडीवरून चाके जात नाहीत, हे शिबिरात कोणी विचारले नव्हते आणि कुटुंबानेही संकोचाने सांगितले नव्हते.

वडिलांचे नारळ-पोफळीचे, म्हणजे नारळ-सुपारीचे, आगर हे घराचे मुख्य उत्पन्न. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले, तेव्हा दापोली-मंडणगडापासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत अशी आगरे एका दुपारात आडवी झाली. या घराच्या साठ पोफळींपैकी बेचाळीस मोडल्या आणि चौदांपैकी पाच माड गेले. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात; त्यामुळे त्या दुपारचा परिणाम एका हंगामापुरता नव्हता. आई पूर्वी काजूच्या कारखान्यात बी फोडायला जात असे. मुलगा वयाने आणि वजनाने वाढल्यावर त्याला उचलण्याचे काम एकट्या वडिलांच्या आवाक्याबाहेर गेले आणि २०१७ मध्येच तिने कारखाना सोडला होता.

अशा स्थितीत २०२१ मध्ये आम्ही संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरला. तहसील कार्यालयात हिला ‘संगायो’ म्हणतात आणि मीही पुढे तेच म्हणेन. ही योजना १९८० पासून चालू आहे. अर्ज केला तेव्हा दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये होती. इतर निराधारांसाठी ती २१,००० रुपये होती. तलाठ्यांनी आगराची पाहणी करून ४८,००० रुपयांचा दाखला दिला आणि २०२२ मध्ये मुलाच्या नावे दरमहा १००० रुपये मंजूर झाले. जुलै २०२३ पासून ते १५०० झाले. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २५०० झाले. २०१९ पूर्वी हीच रक्कम ६०० होती, हे लक्षात घेतले तर सहा-सात वर्षांत ती चौपटीहून अधिक वाढली आहे आणि या वाढीचे श्रेय सरकारला आणि त्यासाठी उपोषणाला बसलेल्या दिव्यांगांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांना दोघांनाही द्यायला हवे.

या सर्व काळात या घराच्या कागदपत्रांत एकच आकडा जागचा हलला नाही आणि तो म्हणजे पन्नास हजार.

आता पोषण आहाराच्या कामाचा हिशेब पाहू. मानधन शाळेच्या दहा महिन्यांचे मिळते, म्हणजे वर्षाला २५,००० रुपये. दाखल्यावरचे ४८,००० आणि हे २५,००० मिळून ७३,००० होतात, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. मर्यादा ओलांडली की अनुदान थोडे कमी होत नाही, ते पूर्ण थांबते. जून २०२४ च्या दराने आईने काम घेतले असते तर २५,००० मिळाले असते आणि मुलाचे १८,००० गेले असते. निव्वळ लाभ वर्षाला ७,००० रुपये, म्हणजे महिना सहाशेच्या आत. त्याबदल्यात रोज तीन तास चुलीसमोर उभे राहायचे, तेही मणक्याचे दुखणे असताना. शिवाय काम दरवर्षी नव्याने ठरते. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या कोणाला दिले गेले, तर अनुदानाचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करायचा. पहिल्या वेळी मंजुरीला आठ महिने लागले होते. तिने काम नाकारले ते हा हिशेब करूनच. तो तिने माझ्यासमोर, एका पत्रिकेच्या पाठीवर, स्वतःच्या हाताने मांडला होता.

रक्कम वाढल्यावर हा हिशेब सुधारायला हवा होता, तो बिघडला. ऑक्टोबर २०२५ नंतरच्या दराने हेच काम घेतले तर २५,००० मिळतील आणि ३०,००० जातील. म्हणजे वर्षभर काम करून घराला पाच हजारांचा तोटा. मर्यादा तीच ठेवून साहाय्य वाढवले की रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे यांतली दरी वाढते आणि त्या दरीच्या काठावर उभी असते ती सांभाळणारी व्यक्ती, कारण दिव्यांग मुलाच्या कमाईचा प्रश्न येतच नाही. पन्नास हजार म्हणजे नेमके किती, हे दुसऱ्या रीतीनेही सांगता येते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एका माणसाने या दराने १६० दिवस काम केले तर ४९,९२० रुपये होतात. घरातील कोणीही एकाने वर्षातले निम्मे दिवससुद्धा मजुरी केली नाही, तरच ते घर या योजनेत बसते.

विलायतेतही हीच चूक निराळ्या पोशाखात सापडते, म्हणून एवढाच एक परका दाखला देतो. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान ३५ तास सांभाळ करणाऱ्याला ‘केअरर्स अलाउन्स’ मिळतो. २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ८३.३० पौंड होता. त्या वर्षी सांभाळणाऱ्याची स्वतःची कमाई आठवड्याला १९६ पौंडांपेक्षा एका पौंडाने जरी वाढली तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जात असे. नकळत रेघ ओलांडलेल्या हजारो काळजीवाहकांकडून तिथे मागाहून वसुली निघाली आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. फरक इतकाच की तिथे भत्ता निदान सांभाळणाऱ्याच्या नावाने आहे.

आपल्याकडे तो नावानेही नाही. वास्तविक दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याच्या व्याख्यांमध्येच ‘काळजीवाहक’ ही व्याख्या आहे आणि तीत आईवडील व कुटुंबातील इतर माणसे, मोबदला घेऊन वा न घेता, स्पष्टपणे धरली आहेत. कलम २४ मध्ये ज्या सामाजिक सुरक्षा योजना सरकारांनी आखायच्या, त्यांत अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी. संगायोत जुलै २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत विधवा आणि दिव्यांग यांना एकच रक्कम मिळत होती. कलमाच्या आरंभी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत आणि सरकारे त्या शब्दांच्या आडोशाला बराच काळ बसू शकतात. तरी केरळने ‘आश्वासकिरणम्’ नावाची, थेट सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये देणारी योजना चालवली आहे. आंध्र प्रदेशाने २०२४ पासून दिव्यांगांचे निवृत्तिवेतन ६००० आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांचे १५,००० रुपये केले आहे. केरळची रक्कम क्षुल्लक आहे, हे खरे. पण तिथे कागदावर आईचे नाव येते.

या घरात आईच्या नावावर सरकारचे पहिले पैसे आले ते ‘लाडकी बहीण’चे, २०२४ च्या पावसाळ्यात, दरमहा १५००. ते सांभाळासाठी नव्हते. ती २१ ते ६५ या वयोगटातील स्त्री होती आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत होते, एवढेच पुरेसे होते. एकाच सेतू केंद्रातून, एकाच टेबलावरून, एका कुटुंबाचे दोन अर्ज गेले: एका अर्जाला अडीच लाखांपर्यंत मुभा होती आणि दुसऱ्याला पन्नास हजारांपर्यंत, आणि कमी मुभा होती ती उठता न येणाऱ्या मुलाच्या अर्जाला. हे पैसे मात्र तिने पूर्णपणे स्वतःच्या मनाप्रमाणे खर्च केले. पहिल्या चार हप्त्यांतून तिने कमरेचा पट्टा आणि एक उंच लोखंडी खाट घेतली, मुलाला अंघोळ घालताना वाकावे लागू नये म्हणून. इतकी वर्षे कोणत्याही योजनेच्या यादीत न सुचलेली ही वस्तू होती.

टक्केवारीचा प्रश्न वेगळा आहे, पण तो येथे टाळता येत नाही. मुलाकडे २००९ चे जुने प्रमाणपत्र होते. केंद्राने २०२३ पासून आपल्या योजनांसाठी वैश्विक दिव्यांगत्व ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आवश्यक केले आणि त्यापाठोपाठ इतर कामांसाठीही तेच मागितले जाऊ लागले. त्यामुळे नव्याने तपासणी करावी लागली. तपासणीचा वार ठरलेला, बौद्धिक चाचणीचा दिवस निराळा, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा मुलाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वाडीतल्या चौघांनी पाखाडी चढवली. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सोबत्यालाही निम्मी सवलत आहे. परंतु एसटीची पायरी त्याला चढता येत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा रिक्षा करावी लागली आणि सवलत पुस्तकात राहिली.

तपासणीत चलनवलनाचे दिव्यांगत्व ६० टक्के आणि बौद्धिक ५० टक्के आले. दोन प्रकार एकत्र असतील तर बेरीज सरळ करत नाहीत. मोठा आकडा नव्वदमधून वजा करून उरलेल्याला लहान आकड्याने गुणतात, नव्वदने भागतात आणि आलेले मोठ्या आकड्यात मिळवतात. येथे ते १६.६७ आले, म्हणजे एकूण ७७ टक्के. कार्डावर पांढरी पट्टी ४० च्या खाली, पिवळी ४० ते ७९ आणि निळी ८० पासून पुढे असते; याच्या कार्डावर पिवळी आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची अट ८० टक्क्यांची आहे, त्यामुळे तो तिच्या बाहेर राहिला. तपासणाऱ्या डॉक्टरांचे यात काही चुकले, असे मला वाटत नाही. त्यांनी सूत्राप्रमाणे आकडा काढला. पण सूत्र शरीर मोजते. रात्री दोनदा कोण उठते, हे त्यात कुठेच येत नाही. थोरल्या भावाला आयकरात याच टक्केवारीवरून वजावट मिळत असे. कलम ८०डीडी खाली ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० पासून १,२५,००० रुपये. तो आता नव्या करप्रणालीत आहे आणि तीत ही वजावटच नाही. त्याला पैशाचा तोटा झाला नाही, कारण नव्या प्रणालीत त्याला करच लागत नाही. फक्त त्याच्या विवरणपत्रात आता भावाचा उल्लेख राहिलेला नाही.

थेट खात्यात पैसे जमा करण्याच्या सुधारणेचा अनुभव सर्वांत त्रासदायक होता, आणि तो सांगताना मला अन्यायही करायचा नाही, कारण मधल्या हातांनी पैसे खाण्याचे प्रकार मी स्वतः पूर्वी पाहिले आहेत. डिसेंबर २०२४ पासून संगायोचे अनुदान आधार क्रमांकावर आधारित थेट लाभ हस्तांतरणाने जमा होऊ लागले. मुलाचे अनुदान तोवर गावातल्या सहकारी पतपेढीशेजारच्या बँकेत येत होते आणि वडील ते संयुक्त खात्यातून काढत. डिसेंबरमध्ये पैसे आले नाहीत, जानेवारीतही आले नाहीत. तहसील कार्यालयात सांगितले गेले की पैसे गेले आहेत. बँकेत सांगितले गेले की आलेले नाहीत. दोघेही खरे बोलत होते. मुलगा शाळेच्या पटावर असताना शिष्यवृत्तीसाठी २२ किलोमीटरवरच्या गावात त्याच्या एकट्याच्या नावाने एक खाते काढले गेले होते आणि त्याचा आधार क्रमांक अखेर जोडला गेला होता तो त्या खात्याला. पासबुक वादळात भिजून गेले होते. पैसे दरमहा तिथे मुकाट्याने साठत होते.

ते काढायचे तर खाते पुन्हा चालू करायला हवे, त्यासाठी खातेदार समोर हवा, त्याची सही नाही, बोटे वळलेली असल्याने ठसा यंत्रावर उमटत नाही, आणि पंधराव्या वर्षी आधारमध्ये करायचे ठशांचे अद्ययावतीकरण राहून गेलेले. शिवाय खातेदार सज्ञान आहे; सज्ञान माणसाच्या वतीने आई कोणत्या अधिकाराने सही करते, हा बँकेचा प्रश्न कायद्याने योग्यच होता. आई मात्र त्या प्रश्नाने प्रथमच गप्प झाली. “गुरुजी, मी याची कोण, ते आता कागदावर दाखवायचं?” एवढेच ती परतताना मला म्हणाली. बँकेतील एका तरुण अधिकाऱ्याने पुढच्या फेरीत रिक्षापर्यंत खाली येऊन ओळख पटवून घेतली, कागदी ठसा घेतला आणि आधार जुन्या संयुक्त खात्याला जोडण्याचा अर्ज स्वतः भरून दिला. एप्रिल २०२५ अखेर पाच महिन्यांचे ७,५०० रुपये हाती आले. त्यासाठी एकंदर सात फेऱ्या झाल्या. रिक्षाभाडे आणि वडिलांचे बुडालेले दिवस धरून खर्च ४,३०० रुपये झाला. हा हिशेबही आईनेच ठेवला आहे.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करण्याच्या नियमाने घराला दोन वर्षांत एकदा १,५०० रुपये आणि एक घोंगडी मिळाली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

२५०० रुपयांचे होते काय, तेही नोंदवतो. वर्षाला ३०,००० म्हणजे दिवसाला ८२ रुपये. तालुक्याच्या दुकानात प्रौढांच्या डायपरचा एक नग साधारण ४० रुपयांना पडतो. दिवसाला दोन वापरले की अनुदान संपले. तरी या रकमेने घरात फरक पडला आहे: आई आता रात्री मुलाला डायपर लावते आणि सलग चार तास झोपते. पूर्वी ती जुन्या लुगड्यांचे तुकडे वापरून पहाटे धूत असे.

बँकेत उपस्थित झालेल्या प्रश्नामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज केला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी ही सोय आहे आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती देते. अर्ज आईच्या नावाने आहे. वडिलांचे म्हणणे थोरल्याच्या नावाने करावा असे होते, कारण तो तरुण आहे. थोरल्याची तयारीही होती, पण डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत भावाला नेणे शक्य नाही आणि नोकरी सोडून गावी येणेही शक्य नाही, हे त्याने गणपतीत आला तेव्हा आईसमोर मोकळेपणाने सांगितले. आईने वाद घातला नाही. माझ्यानंतर काय ते तुम्ही दोघे भावंडे बसून ठरवा, तोवर सही माझी, असे तिने सांगितले आणि लेकीलाही फोनवर घेतले.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंत चालेल. त्यानंतर तलाठी पुन्हा आगराची पाहणी करतील. वादळानंतर २०२० च्या पावसाळ्यात वडिलांनी लावलेल्या पोफळी आता सहाव्या वर्षात आहेत. डिसेंबरात मी गेलो तेव्हा ते मला आगरात घेऊन गेले आणि कोणत्या झाडाला पोय, म्हणजे फुलोरा, फुटली ते काठीने दाखवत गेले. एकतीस झाडांना फुटली होती. “पुढच्या साली सुपारी येईल,” ते म्हणाले, आणि मग थांबून विचारले, “दाखल्यात किती धरतील हो?”